आईला आश्रमात ठेवायचं की नाही, हे ठरवणार कोण?

तिसरामाळा
शिव्या घातल्यात तरी चालेल, पण मत सांगा.

आई ७८ वर्षांची, चार वर्षं झाली डिमेन्शियाला. लालबागला चाळीत १८० चौरस फुटांची खोली, तिसरा माळा, संडास गॅलरीच्या टोकाला. मी, बायको, बारावीतली मुलगी आणि आई. रोज रात्री साडेअकराला आई उठते, पोळी-भाजीची ताटली पदराखाली झाकून दारात बसते. "ह्यांची दुसरी पाळी सुटेल आता." बाबांची गिरणी ८२ च्या संपात बंद पडली ती पडलीच. बाबांना जाऊनही १९ वर्षं झाली. गेल्या महिन्यात पहाटे कडी काढून निघाली ती चिंचपोकळीच्या पुलावर सापडली, तीही दूधवाल्याने ओळखलं म्हणून. बायकोने नोकरी सोडली.

पनवेलजवळ एक ठिकाण पाहिलंय, अशा पेशंटसाठी वेगळा मजला आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो, "आईला आश्रमात टाकलंस तर तू मला मेलास." वर हेही, की तुझा डोळा खोलीवर आहे. आणि आई चांगली होती तेव्हा एकदा म्हणाली होती, "मला न्याल ते या खोलीतूनच." ते पाळायचं का?

पुसेगाव_ते_परळ
पाळायचं. यात विचारायचं काय? आमची आज्जी सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. दहा बाय बाराची खोली, नऊ माणसं. कुणी तिला पनवेल दाखवलं नाही. अरुणा शानभाग आठवा. केईएम रुग्णालयात नर्स होती. १९७३ मध्ये तिथेच तिच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन कायमची अंथरुणाला खिळली, गेली २०१५ मध्ये. रक्ताचं नातं नसताना तिथल्या सिस्टरांनी ४२ वर्षं सांभाळलं. आपल्याला चार वर्षांत दम लागला?

धाकटी_पाती
आज्जीला कुठे नेलं नाही ते कळलं. त्या नऊ माणसांपैकी तिचं हगणं-मुतणं कोण काढत होतं तेही लिहा की.

पुसेगाव_ते_परळ
आई आणि काकू. दोघींनी कधी तक्रार केली नाही.

धाकटी_पाती
कुणी विचारलं होतं त्यांना?

रात्रपाळी
पालिकेच्या रुग्णालयात २२ वर्षं सिस्टर आहे. अरुणाचं नाव निघालंच आहे म्हणून लिहिते. तिचं जे केलं गेलं ते खरंच मोठं आहे, पण ते एकट्या बाईने केलेलं नाही. तिथे पाळ्या होत्या. एकीची संपली की दुसरी यायची, पहिली घरी जाऊन झोपायची. दादा, तुमच्या बायकोची पाळी कधी सुटते?

दुसरं असं, की २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाच्या दयामरणासाठी बाहेरच्या एका लेखिकेने केलेला अर्ज फेटाळला, तेव्हा तिच्या वतीने बोलायचा मान केईएमच्या माणसांना दिला. का? तर रोजचं तेच करत होते. पुण्याहून फोनवर बोलणाऱ्याने हे जरा लक्षात घ्यावं.

राहता राहिलं आईचं वाक्य. असे पेशंट स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" म्हणतात. ज्या खोलीत तुमचे बाबा पाळी संपवून यायचे ती खोली तिला आता लालबागलाही सापडत नाहीये.

पुसेगाव_ते_परळ
सिस्टर, पाळीचं पटलं. पण मी टेम्पो चालवतो, बदलापूरकडच्या एका आश्रमात धान्य टाकायला जातो. रविवारी सकाळी सातला गेटजवळच्या बाकावर म्हातारी माणसं केस विंचरून, पावडर लावून बसलेली असतात. दुपारी परत निघताना बघतो, बहुतेक तिथेच. पहिला महिना दर रविवारी येतात, मग दिवाळीला. हे कुठल्या मजल्यावर बसवणार? माझं म्हणणं बदललेलं नाही. भावाने तीन-तीन महिने वाटून घ्यावेत.

रात्रपाळी
वाटून घेणं ऐकायला बरं वाटतं, पण दर तीन महिन्यांनी घर बदललं तर अशी बाई आणखी गोंधळते. त्यापेक्षा भावाने इथे येऊन राहावं.

आणि तिसरामाळा, पनवेलचं ठिकाण दिवसा बघू नका. रात्री साडेअकराला न सांगता जा. मजल्यावर किती माणसं जागी आहेत, कुणाला पलंगाला बांधलंय का, झोपेच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून देतात ते बघा. आत येऊच दिलं नाही, तर तिथेच उत्तर मिळालं. आणि थेट कायमचं नको, आधी पंधरा दिवस ठेवून बघा.

काळा_कोट
खोलीबद्दल दोन ओळी. पागडीची (मालकाला एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्याने घेतलेली) असेल आणि भाडेपावती आईच्या नावावर असेल, तर भावाचा संशय उलटा आहे. भाडे नियंत्रण कायद्यात, भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क धरतात. आई आश्रमात असताना गेली, तर "सोबत राहत होतो" हे सिद्ध करताना मालक तुमच्याशीच भांडेल. म्हणजे खोलीचाच लोभ असता तर तुम्ही आईला हलवलंच नसतं! हे भावाला लेखी कळवा. आणि आत्ता आईचा अंगठा कुठल्याही कागदावर घेऊ नका.

एक आगाऊ सल्ला: आईच्या बाबतीत उशीर झाला, पण तुम्ही नवरा-बायको शेवटच्या उपचारांबद्दल तुमची इच्छा आत्ताच लिहून ठेवा. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो.

धाकटी_पाती
नवरा-बायको म्हणताय, पण बायकोचं मत या धाग्यात अजून आलेलंच नाही. तिसरामाळा, त्या काय म्हणतात?

तिसरामाळा
खरंय. काल विचारलं. म्हणाली, "आईंना पाठवू नका, मला आठवड्यातून दोन रात्री सलग झोपू द्या." चार वर्षांत हे मी तिला पहिल्यांदा विचारलं.

मग साडेअकराला भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता फोन दाराकडे धरला. आई ताटली घेऊन बसलेली. तोही गप्प. आईने फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "आलात? हात धुऊन घ्या." शनिवारी येतोय म्हणाला.

पुसेगाव_ते_परळ
बघा, पोरगा येतोय की नाही!

धाकटी_पाती
एका शनिवारने काय होतंय. आठवडाभर ठेवून घ्या त्याला, आणि वहिनींना माहेरी पाठवा.