मदत हवी आहे : मॉर्मन मिशनरीच्या पत्रांतील ‘एल्डर’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका मॉर्मन (एका ख्रिस्ती पंथाच्या) तरुणाने १९९० च्या दशकात मिशनरी म्हणून फिलिपिन्समध्ये असताना घरी लिहिलेल्या पत्रांचे, त्याच्या कुटुंबाच्या संमतीने, मी मराठीत भाषांतर करत आहे. पहाटेचा अभ्यास, दारोदार फिरणे, आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे आणि पत्रे लिहिणे हा दिनक्रम सहज मराठीत उतरतो. बाप्तिस्म्याचे प्रसंगही उतरतात. एका आजींच्या पांढऱ्या झग्याचे टोक पाण्यावर तरंगत राहिले, साक्षीदाराने नकारार्थी मान हलवली आणि त्यांना पुन्हा पाण्याखाली घ्यावे लागले, कारण या पंथात व्यक्ती पूर्णपणे बुडाल्याशिवाय विधी ग्राह्य धरत नाहीत; हे वर्णन मला फार हृद्य वाटते.

अडचण संबोधनांची आहे. १९ वर्षांच्या या मुलाला सगळे ‘एल्डर’ म्हणतात; या पंथात पुरुष मिशनऱ्यांना असेच संबोधतात. मराठी बायबलमधला ‘वडील’ हा शब्द योजून पाहिला, पण वाचणाऱ्यांना तो बाप वाटला. ‘ज्येष्ठ’ वयाशी विसंगत ठरतो. दिवसरात्र सोबत राहणाऱ्या दुसऱ्या मिशनरीसाठी, म्हणजे ‘कम्पॅनियन’साठी, ‘जोडीदार’ लिहिले, तर पती-पत्नीचा भास होतो. बाप्तिस्म्यानंतर डोक्यावर हात ठेवून होणाऱ्या ‘कन्फर्मेशन’ला कॅथलिकांचा ‘दृढीकरण’ हा शब्द चालेल की नाही, याचीही खात्री नाही. शब्दकोश पाहून झाले आहेत आणि प्रकाशकांना तळटीपा नको आहेत.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत, विशेषतः या पंथाच्या मराठीभाषक सदस्यांमध्ये, या तिन्हींसाठी प्रत्यक्ष बोलताना कोणते शब्द वापरतात?