मदत हवी आहे: बौद्ध संस्थेच्या चॅरिटी नोंदणीचा अर्ज अडकला आहे

पिंपळपान
आमच्या बौद्ध संस्थेचा चॅरिटी नोंदणीचा अर्ज अडकलाय. 'सार्वजनिक हित स्पष्ट होत नाही' म्हणून प्रश्नांची यादी आलीय. मुदत थोडी आहे. वकील न लावता उत्तर कसं लिहायचं? बँक खातं उघडता येत नाही, देणगीदार खोळंबलेत. अडीच हजार वर्षांचा धर्म, तरी तो धर्म आहे हे सिद्ध करायचं? कृपया लवकर सांगा.

दप्तरखाना
धर्मादाय आयुक्तांकडे कलम १८ खाली अर्ज केलात ना? ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत करायचा असतो. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्यात कलम ९ ने 'धर्मादाय हेतू'तून निव्वळ धार्मिक शिकवण आणि पूजा वगळलीय, पण धार्मिक ट्रस्टही त्याच कायद्याखाली नोंदले जातात. खरी अडचण पुढे, देणगीदारांना करसवलत देणारी ८०जी मान्यता घेताना येते. तिथे धार्मिक स्वरूपाचा खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. उद्दिष्टांचं कलम इथे टाका.

थेम्सकाठ
दप्तरखाना, नोंदणीआधी खातं उघडत नाही म्हणजे ही बहुधा सीआयओ (नोंदणी झाल्यावरच अस्तित्वात येणारी ब्रिटनमधली चॅरिटी संस्था) आहे, भारतातला ट्रस्ट नव्हे. पिंपळपान, इंग्लंडमध्ये आहात की स्कॉटलंडमध्ये? दोन्हीकडचे नियामक वेगळे आहेत.

पिंपळपान
इंग्लंड, लेस्टरजवळ. हो, सीआयओच. उद्दिष्टं: १) महाराष्ट्रातून आलेल्या बौद्ध कुटुंबांत धम्माचा प्रसार, २) सभासदांचे विवाह, नामकरण आणि अंत्यविधी, ३) जातिभेदाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून चळवळ.

थेम्सकाठ
आता कळलं. धर्म म्हणून तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. २०११ च्या चॅरिटीज अ‍ॅक्टच्या कलम ३ नुसार ईश्वर न मानणारा धर्मही धर्मच आहे. अडचण या तीन वाक्यांत आहे.

पहिल्यात लाभार्थी फार थोडे आहेत. 'जनतेच्या हितासाठी बौद्ध धर्माचा प्रसार करणे, विशेषतः प्रवचने, ध्यानवर्ग आणि वंदना यांद्वारे' असं लिहा. मराठीत कार्यक्रम करायला हरकत नाही, दार मात्र सगळ्यांना उघडं हवं. दुसरं उद्दिष्ट काढून टाका. विधी हे उपक्रम म्हणून चालतात, फक्त सभासदांपुरते ठेवले की संस्था खासगी मंडळ ठरते. तिसरं सगळ्यात धोक्याचं. कायदा बदलवून घेणं हा राजकीय हेतू मानला जातो, मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या अ‍ॅम्नेस्टीने काढलेल्या ट्रस्टलाही न्यायालयाने याच कारणाने नाकारलं होतं. त्याऐवजी 'समता आणि विविधतेला चालना' घाला, ते कलम ३ च्या यादीत आहे. ते उद्दिष्ट पुढे नेण्यापुरती मोहीम चालवता येते, पण संस्थेचं सगळं काम तेवढंच असता कामा नये.

उत्तरासोबत वर्षाचं कार्यक्रमपत्रक, 'सर्वांना प्रवेश' लिहिलेला फलक आणि संस्थेची दुरुस्त घटना (नियमावली) जोडा. सीआयओ अजून अस्तित्वातच नाही, त्यामुळे घटनेचा मसुदा विश्वस्तांनी मंजूर केला की पुरे. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपायच्या आत ईमेल करा.

सरळरेष
मुळात सरकारने हे तपासूच नये. २०१० मध्ये निसर्गपूजक ड्रुइड नेटवर्कला चॅरिटीचा दर्जा दिला, २०१६ मध्ये 'स्टार वॉर्स' चित्रपटांतून निघालेल्या जेडाय पंथाला नाकारला. कोणता धर्म खरा हे अधिकाऱ्याने ठरवायचं? शाळा चालवा, दवाखाना चालवा, त्यावर सवलत घ्या. श्रद्धेवर सवलत कुणालाच नको.

अनुराधा_क
सरळरेष, 'कुणालाच नको' हे अल्पसंख्याकांनाच महाग पडतं. मोठ्या चर्चकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या इमारती आणि ठेवी आहेत. भाड्याच्या हॉलमध्ये वंदना घेणाऱ्यांना गिफ्ट एडचाच (देणगीवर सरकारकडून चॅरिटीला मिळणाऱ्या करपरताव्याचाच) आधार असतो. आणि निर्णय 'खरा धर्म कोणता' यावर होत नाही. जेडाय प्रकरणात शिकवण सुसंगत नाही, ज्याला जे हवं ते घ्यावं अशी मोकळीक आहे, असा मुद्दा होता. धर्मप्रसार म्हणजे लोकहित हे गृहीतक इंग्लंडच्या २००६ च्या चॅरिटी कायद्याने सगळ्यांसाठीच काढलं. धागाकर्त्यांनी प्रेस्टन डाउन ट्रस्टचं प्रकरण वाचावं. ब्रेदरन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या या ट्रस्टला २०१२ मध्ये नकार मिळाला आणि ट्रस्टचा दस्त बदलल्यावर २०१४ मध्ये नोंदणी.

सरळरेष
म्हणजे दर्जासाठी पंथाला आपला दस्त बदलावा लागला. माझा आक्षेप तोच आहे.

वऱ्हाडी_बाणा
विदर्भातल्या विहाराला पैसे पाठवणार असाल तर त्या संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची) नोंदणी आधी तपासा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते, आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

पिंपळपान
भारतात पैसे पाठवायचेच नाहीयेत. नोंदणी झाली की गिफ्ट एड आपोआप सुरू होतं का? आणि तोवर देणग्या कुठे घेऊ?

नोंदवही
आपोआप नाही. एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्याला संस्थेच्या नावाचं खातं लागतं. क्रम असा: नोंदणी क्रमांक, बँक खातं, मग एचएमआरसी. १०० पौंडांच्या देणगीवर २५ पौंड मिळतात, पण देणगीदाराने तेवढा कर भरलेला असावा आणि त्याचं घोषणापत्र हवं. दानपेटीतल्या ३० पौंडांपर्यंतच्या छोट्या रकमांवर घोषणापत्राशिवायही दावा करता येतो. त्याला वर्षाला ८,००० पौंडांची मर्यादा आहे, शिवाय ती रक्कम गिफ्ट एडच्या देणग्यांच्या दहापटीपेक्षा जास्त चालत नाही.

तोवर कुणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे घेऊ नका. साध्या मंडळाच्या नावाने दोन सह्यांचं खातं काढा आणि सीआयओ झाली की ठराव करून रक्कम वर्ग करा.

जागेचा स्थानिक कर पूर्ण माफ हवा असेल तर १८५५ च्या कायद्याखाली प्रार्थनास्थळाची वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तिथली उपासना सर्वांना खुली लागते. ती नसली तर चॅरिटी म्हणून ८० टक्के सूट मिळते.

पिंपळपान
आभार. तिसरं उद्दिष्ट बदलायला आमचे दोन विश्वस्त तयार नाहीत. बालवर्गाचं काही वेगळं द्यावं लागेल का?

थेम्सकाठ
बालवर्ग असेल तर बालसुरक्षेचं लेखी धोरण जोडाच, आणि नियमित शिकवणाऱ्यांची डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची सरकारी पडताळणी) करून घ्या. विश्वस्तांना सांगा की कायद्यासाठीची चळवळ वेगळ्या, चॅरिटी नसलेल्या मंडळातून पूर्ण जोमाने करता येते. फक्त दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवा आणि चॅरिटीचा पैसा तिकडे जाऊ देऊ नका.