विहीर आटली म्हणजे तेल संपलं असं नाही

शेल म्हणजे तेल अडकून बसलेला घट्ट खडक; दाबाने पाणी आणि वाळू सोडून त्याला भेगा पाडल्या की तेल बाहेर येतं. ‘शेलच्या विहिरी दोन-तीन वर्षांत आटतात, मग त्या सोडूनच द्याव्या लागतात’ असं काही जण म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. पहिल्या वर्षातच उत्पादन निम्म्याहून जास्त घसरतं, हे खरं. पण संपतं ते भेगांच्या आसपासचं तेल. खडकातलं बहुतेक तेल जागच्या जागीच असतं.

टेक्सासमधल्या ईगल फोर्ड या शेल तेलक्षेत्राचंच बघा. 2010 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे भेगा लांब लांब अंतरावर पाडायचे, भेगा उघड्या ठेवणारी वाळूही आजच्यापेक्षा कमी. त्यामुळे मधला बराच खडक कोरा राहिला. आता अशा विहिरीत जुन्या पोलादी नळीच्या आत कमी व्यासाची नवी नळी सरकवतात आणि दोन्हींमधल्या फटीत सिमेंट भरतात. ज्यांतून आधी भेगा पाडल्या होत्या, ती नळीतली जुनी छिद्रं त्यामुळे झाकली जातात. मग कोऱ्या भागासमोर नवी छिद्रं पाडून दाबाने पाणी आणि वाळू सोडतात. यातलं सिमेंटचं काम सगळ्यात नाजूक. ते नीट बसलं नाही तर दाब जुन्याच भेगांत वाया जातो.

दुसरा उपाय म्हणजे विहिरीत नैसर्गिक वायू दाबाने भरायचा, मुरू द्यायचा आणि त्याच विहिरीतून तेल काढायचं. वायू मिसळल्याने तेल फुगतं, पातळ होतं. ईओजी या अमेरिकन तेल कंपनीने ईगल फोर्डमध्येच हे करून दाखवलं आहे.

मला पहिला उपाय जास्त पटतो, कारण जागा, रस्ता, पाइपलाइन सगळं तयार असतं. मात्र शेजारच्या नव्या विहिरींनी मधलं तेल आधीच ओढून घेतलं असेल, तर तिथे हा खर्च करूच नये.