एका नावाला दोन आयपी असले की हेच होतं

मालवणच्या हॉटेलातला बिलिंग सर्व्हर आयपी (म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकला की लगेच लागतो पण नावाने कधी लागतो कधी नाही असं लिहिलंयत ना, मग केबल आणि स्विच बदलत बसू नका हो, त्या मशीनला दोन नेटवर्क कार्डं आहेत तिथेच बघा. आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात अगदी हेच झालं होतं, एक कार्ड लॅनचं (ऑफिसातल्या नेटवर्कचं) 192.168.1.10, दुसरं बॅकअपच्या मशीनला थेट जोडलेलं 10.0.0.5, आणि विंडोजने दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत) एकाच नावावर चढवले, मग डीएनएस दोन्ही देतो पण क्रम आलटून पालटून, आणि 10.0.0.5 पहिला आला की बाकीचे पीसी जिथे रस्ताच नाही तिथे धडका मारत बसतात.

आधी कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप (nslookup) करा, ती कमांड डीएनएसला नावाचा पत्ता विचारते, दोन पत्ते दिसले की समजा हेच. एनएसलुकअप होस्ट्स फाईल (पीसीवरचीच नाव-पत्त्यांची यादी) बघत नाही, पिंग कमांड मात्र ती बघते, म्हणून दोघांचं उत्तर ताडून बघाच, आमचे यातच दोन दिवस गेले. मग बॅकअपच्या कार्डाच्या आयपीव्ही4 सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, डीएनएस टॅब, तिथली पत्ता डीएनएसमध्ये नोंदवायची टिक काढा, डीएनएस सर्व्हरवरची त्या कार्डाची जुनी नोंद हाताने उडवा आणि प्रत्येक पीसीवर डीएनएस कॅश (पीसीने लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं) साफ करा, हे राहिलं तर वाटेल काहीच फरक पडला नाही.