मदत हवी आहे: आई-बाबा नैरोबीला चाललेत, शेजारच्या देशात इबोला. प्रवास विमा नक्की कशाचे पैसे देतो?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बजारातले. ताई आणि भाऊजी नैरोबीत असतात. मार्चच्या मध्यावर आई-बाबा महिनाभर त्यांच्याकडे जाणार आहेत. मुंबईहूनची तिकिटं काढून झालीत, नॉन-रिफंडेबल. विमा अजून घ्यायचाय.

मधेच 30 जानेवारी 2025 ला युगांडाने कंपालात इबोलाची साथ जाहीर केली. त्याआधी टांझानियाच्या कागेरा भागात मारबर्ग (इबोलासारखाच जीवघेणा ताप) निघाला होता. मंकीपॉक्सची आणीबाणी तर डब्ल्यूएचओने ऑगस्ट 2024 मध्येच जाहीर केली होती. केनियात इबोलाचा एकही रुग्ण नाही असं ताई रोज फोनवर सांगते. पण आईने 1994 साली सुरतेत प्लेग निघाला तेव्हाची बडोदा स्टेशनवरची गर्दी पाहिली आहे, तोंडाला रुमाल बांधून उतरणारी माणसं. तिची समजूत घालणं कठीण आहे.

आमचे विमा एजंट काका म्हणतात, "सगळं कव्हर आहे, निर्धास्त जा." पॉलिसी वर्डिंग (अटींचा पूर्ण मजकूर) मागितलं तर दोन पानी रंगीत ब्रोशर पाठवलं, त्यावर विमान आणि हसणारं कुटुंब. शेवटी कंपनीच्या साइटवरून पूर्ण पीडीएफ उतरवली. ट्रिप कॅन्सलेशनच्या अपवादांत "साथ किंवा महामारी" स्पष्ट लिहिलंय. दवाखान्याच्या खर्चाच्या भागात तो शब्दच नाही. मग तिथे साथीचा आजार झाला तर पैसे मिळतात असं समजायचं का? आईने ऐन वेळी नाही म्हटलं तर तिकिटाचं काय? आणि परतताना मुंबईत क्वारंटाइन केलं तर तो खर्च कोणाच्या डोक्यावर?

अजून एक. बाबा 68 वर्षांचे, बीपी आणि डायबिटीस, दोन्हीच्या गोळ्या रोज. काका म्हणतात फॉर्मवर लिहू नका, प्रीमियम उगाच वाढेल. हे मला खटकतंय. जाणकारांनी सांगावं.

रावपुराकर: कव्हरचं नंतर बघा, आधी काका बदला.

निवृत्त_क्लेमवाला: रावपुराकर, अहो, काका घरोब्याचे असतात, असे बदलता येत नाहीत :) पण बीपी लपवायचा सल्ला चुकीचाच आहे. मी बरीच वर्षं क्लेमच्या टेबलावर होतो म्हणून सांगतो, तो फॉर्म आम्ही क्लेम आल्यावरच नीट वाचतो. बाबांना तिथे चक्कर आली आणि दाखल केलं, की ड्यूटीवरचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, रोजच्या गोळ्या कोणत्या? बाबा खरं तेच सांगणार. केसपेपरच्या पहिल्याच ओळीत येतं, "नोन केस ऑफ हायपरटेन्शन". तो कागद क्लेमला जोडावाच लागतो, आणि फॉर्मवर तर "नाही"ला टिक. मग आजार बीपीचा असो वा मलेरियाचा, कंपनीला नाही म्हणायला कारण मिळालं. जुने आजार लिहा, गोळ्यांची नावंही लिहा. जुन्या आजारांना पुष्कळ पॉलिसींत फक्त जिवावर बेतलं तरच आणि ठराविक रकमेपर्यंत मिळतं, ती रक्कम विचारून घ्या. साठीच्या पुढच्यांना खोलीभाडं, आयसीयू, ऑपरेशन यांवर वेगळी सब-लिमिट (त्या त्या खर्चाची कमाल मर्यादा) असते, तीही विचारा. मोठा आकडा बघून पॉलिसी घेतात आणि बिल आल्यावर सब-लिमिट कळते, हे फार पाहिलंय.

आता साथीचं. पॉलिसी एक असली तरी विभाग वेगळे, आणि प्रत्येकाचे अपवाद वेगळे. शिवाय शेवटी "सर्व विभागांना लागू" अशी अपवादांची एक यादी असते, पीडीएफमध्ये ती बघितलीत का? तिथेही साथीचा उल्लेख नसेल, आणि भारत सरकारने त्या देशात जाऊ नका असं सांगितलेलं नसेल, तर तिथे झालेला संसर्गजन्य आजार हा इतर आजारासारखाच आजार. 4 मार्च 2020 ला आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं होतं की हॉस्पिटलचा खर्च देणाऱ्या पॉलिसींत कोविडचे क्लेमही घ्यायचे. पण घाबरून रद्द केलेल्या सहलींना त्याचा काही उपयोग नव्हता.

कॅन्सलेशनमध्ये कारणं ठरलेली असतात: स्वतःचं गंभीर आजारपण, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू वगैरे. भीती त्या यादीत कधीच नसते. शिवाय तुम्ही पॉलिसी आज घेणार आणि साथ जाहीर झाली 30 जानेवारीला. आधीपासून माहीत असलेल्या घटनेवर विमा मिळत नाही, घराला आग लागल्यावर आगीचा विमा कोण देईल? तेव्हा तिकिटाचे पैसे विम्यातून येतील ही आशा सोडा आणि एअरलाइनला तारीख बदलायचे किती घेता ते विचारा. फ्लाइट त्यांनीच रद्द केली तर परतावा त्यांनीच द्यायचा.

क्वारंटाइनचा हॉटेलखर्च बहुतेक पॉलिसींत नाही. आजारी पडून दाखल होणं वेगळं आणि धडधाकट माणसाला अडकवून ठेवणं वेगळं, असा कंपनीचा हिशोब.

सूरसागर: क्वारंटाइन म्हणता तर इबोलाआधी यलो फीव्हरचं बघा! हा डासांमुळे पसरणारा ताप, आणि केनिया आपल्या सरकारच्या यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे. तिथून लसीच्या सर्टिफिकेटशिवाय मुंबईत उतरलं की सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. मात्र साठीनंतर ही लस डॉक्टर जपून देतात, दोघांची तब्येत आधी दाखवा. सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि वार ठरलेले असतात, तेव्हा मार्च उजाडायची वाट बघू नका.

मूळ धागाकर्ता: क्लेमवाले काका, मनापासून आभार. सगळ्यांना लागू असलेली यादी आत्ता उघडली. त्यात साथ नाही, पण "सरकारी सूचनेविरुद्ध केलेला प्रवास" आहे. कंपनीला काय विचारू?

निवृत्त_क्लेमवाला: फोन नको, ईमेल करा. "कव्हर आहे का" असं मोघम विचारलंत तर ब्रोशरच परत येईल. पॉलिसीचं नाव, प्रवासाच्या तारखा, बाबांचं वय आणि आजार लिहा. मग विचारा: केनियात असताना इबोला, मारबर्ग किंवा मंकीपॉक्स झाला तर दाखल होण्याचा खर्च कोणत्या कलमाखाली, किती रकमेपर्यंत मिळेल? आम्ही तिथे असताना सरकारने केनियाबद्दल सूचना काढली तर कव्हर चालू राहील की त्या दिवसापासून बंद? हा दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका. पॉलिसी आली की मदत केंद्राचा नंबर भाऊजींच्या फोनमध्ये टाका. दाखल करायच्या आधी, ते जमलं नाही तर लगेच नंतर, तिथे कळवायचं असतं. पुढे क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, गुजरातसाठी अहमदाबादचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही.

मूळ धागाकर्ता: ईमेल गेला, काकांना सीसी करून. त्यांचा लगेच फोन: "अरे, माझ्यावर विश्वास नाही का?" आईने फोन घेतला आणि म्हणाली, विश्वास आहे हो, पण बीपी लिहा. लसीचं उद्या डॉक्टरांना विचारतो. अहमदाबादच्या केंद्राचे वार कोणाला माहीत असतील तर सांगा.