मदत हवी आहे : मुलींना परिसरातील कर्तबगार स्त्रिया कशा भेटवाव्यात?

माण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी आठवी ते दहावीच्या मुलींना शिकवते. दर वर्षी ३ जानेवारीला नायगावच्या सावित्रीबाईंवर भाषणे होतात. मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत धावल्या आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीत जगज्जेती झाली, हेही मुलींना तोंडपाठ आहे. तरीही "पुढे काय करणार?" या प्रश्नावर बहुतेक चिठ्ठ्यांत पोलीस किंवा नर्स एवढेच निघाले, आणि ललिताताईंविषयी ऐकून नववीतल्या एकीने विचारले, "बाई, त्यांना सरावाला घरून सोडायचं कोण?" भिंतीवरच्या तसबिरींकडे याचे उत्तर नाही.

म्हणून एसटीच्या वाहक, पशुवैद्यक, वीज तंत्रज्ञ अशा जवळपासच्या स्त्रियांना बोलवावे असे वाटते. मागे एका अधिकारी बाईंना बोलावले, पण हार-सत्कारातच तास संपला. मानधन देणे शक्य नाही, शनिवारी शाळा सुटल्यावर तासभरच मिळतो आणि मुलींकडे स्वतःचे फोन नसल्याने पुढचा संपर्क शाळेमार्फतच ठेवावा लागेल. सातारा-सांगली भागात असा उपक्रम कोणी वर्षभर टिकवला असल्यास, अशा स्त्रियांशी पहिला संपर्क कसा साधला, आणि भाषणाऐवजी मोकळ्या गप्पा व्हाव्यात म्हणून मुलींची तयारी कशी करून घेतली?