कारळाची चटणी ऑनलाइन ‘कारल्याची’ होतेय, नाव कसं लिहावं?

औसेकरीण:
औशाजवळच्या गावात आमचा नऊ जणींचा बचत गट आहे. शेंगदाणा, जवस आणि कारळ अशा तीन चटण्या करतो. एका ऑनलाइन दुकानात माल चढवलाय. पहिल्या दोन्हींचं बरं चाललंय, कारळाचा मात्र लई घोळ झालाय. तिथं नाव इंग्रजी अक्षरांत लागतं, म्हणून मुलीनं के-ए-आर-ए-एल-ई टाकलं, म्हणजे कारळे. परवा पुण्याच्या एका ताईंचं पाकीट परत आलं. आईला साखर आहे म्हणून कारल्याची चटणी मागवली होती म्हणे, अन् निघाली ही काळी. त्यांची काय चूक? ‘एल’ला ल म्हणा नाहीतर ळ. पण फोडलेलं पाकीट विकता येत नाही, जाण्यायेण्याचा खर्चही गटावरच पडला. कारळ तडतडेस्तोवर मंद आचेवर भाजून, लसूण घालून उखळात कुटतो आम्ही. हाताला दोन दिवस वास राहतो. ती अशी परत आली की जीव तुटतो.

उदगीरकर:
ताई, एकाच नावावर राहू नका. आमच्याकडं बिदरचं गिऱ्हाईक येतं, ते ‘गुरेळ्ळू’ मागतं. नाशिककडं खुरासणी, हिंदीत रामतिल, इंग्रजीत नायजर सीड. माल एकच.

नांदेडहून:
मी दोन-तीन दुकानांचा माल चढवतो. पाकिटावर आहे तेच नाव शीर्षकात ठेवा, पुढं ‘नायजर सीड चटणी’ जोडा. बाकीची नावं आणि के-ए-आर-ए-एल, के-ए-आर-एच-ए-एल-ई अशी चुकीची स्पेलिंगं शोधशब्दांच्या रकान्यात टाका. तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. तिथली मर्यादा बहुतेक वेळा अक्षरांवर नसते, बाइटवर, म्हणजे संगणकात अक्षराला लागणाऱ्या जागेवर असते. देवनागरीत ‘कारळ’ला १२ बाइट लागतात, रोमनमध्ये ५. म्हणून देवनागरीत एकदाच लिहा, बाकी रोमनमध्ये.

औसेकरीण:
दादा, मग त्यात ‘करेला’ पण टाकू का? शोधणारे लई असतील.

नांदेडहून:
अजिबात नको. कारलं हवं असलेलं माणूस तुमच्याकडं येईल आणि पाकीट पुन्हा परत येईल. ‘कलौंजी’ही नको. नायजर आणि नायजेला ऐकायला जवळचे, पण कलौंजी म्हणजे नायजेला, ते बी वेगळं.

लातूरची लेक:
फोटोत पाकिटाशेजारी मूठभर कच्चं कारळ ठेवा. तो बारीक, लांबट, काळा चकचकीत दाणा ओळखणाऱ्याला नाव वाचावं लागत नाही. वर्णनाची पहिली ओळ मराठीत: ‘कारळ, कारलं नव्हे.’

औसेकरीण:
रात्रीच बदललं सगळं. फोटोला सासूबाईंच्या सुपातलं कारळ घेतलं. हुलग्याचं पीठ चढवायचं राहिलंय, त्याला हुलगा, कुळीथ, कुलथी अशी तिन्ही नावं टाकते. आणखी कुठं काही म्हणत असतील तर सांगा.